व्याख्यानाच्या चिठ्ठीवरचं नाव कुठं गेलं? (राजकीय खून आणि त्यानंतरचं आपलं बोलणं)

बोरीकाठ

नमस्कार मंडळी. मी इथे बहुतेक वाचतच असतो, लिहित नाही. पण गेले पंधरा दिवस एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये म्हणून आज बसलोय.

१० सप्टेंबर २०२५ ला अमेरिकेत युटा राज्यात चार्ली कर्कचा (तिकडचा उजव्या विचारांचा तरुण राजकीय प्रचारक) खून झाला ते सगळ्यांनी पाहिलंच. विद्यापीठाच्या आवारात तंबूखाली बसून पोरांच्या प्रश्नांना उत्तरं देत होता, समोर हजारो लोक, कोणीतरी माईकवर प्रश्न विचारला, उत्तर चालू असतानाच लांबच्या छपरावरून एक गोळी आली. वय ३१. त्याची मतं मला पटायची नाहीत, काही तर ऐकवायची नाहीत. पण तो व्हिडिओ दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या शाळेच्या जुन्या बॅचच्या ग्रुपवर पडला आणि चहा व्हायच्या आत त्याच्याखाली एकाने हसरा चेहरा टाकला, दुसऱ्याने 'पेरलं तसं उगवलं', तिसऱ्याने लिहिलं की आपल्याकडे पण दोघा-तिघांचं असं व्हायला पाहिजे, आणि खाली नावं टाकली. नावं महाराष्ट्रातल्या माणसांची. लिहिणारा कोण, तर दहावीपर्यंत माझ्याच बाकावर बसलेला, माझ्या वडिलांना खांदा दिलेला माणूस.

मी दोनदा टाइप केलं आणि दोनदा खोडलं. शेवटी काहीच पाठवलं नाही. तेच खुपतंय.

आता मूळ मुद्दा. आमच्या गावात (तालुक्याचं गाव आहे, अमळनेरपासून लांब नाही) १९९४ पासून छोटी व्याख्यानमाला चालते. थंडीत, तीन दिवस. पहिल्यापासून पद्धत अशी की भाषण संपलं की लोकांनी प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यायचा, खाली नाव लिहायचं आणि वक्त्याने नाव वाचून उत्तर द्यायचं. त्या चिठ्ठ्या आमचे आप्पा बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवायचे, दरवर्षीची वेगळी गड्डी करून वर सुतळी बांधायचे. आप्पा मागच्या वर्षी गेले आणि डबा माझ्याकडे आला. ग्रुपवरचं ते प्रकरण झालं त्या रात्री मी तो डबा उघडला.

एसटीच्या तिकिटामागे लिहिलेले प्रश्न आहेत, कापसाच्या काटापावतीमागे लिहिलेले आहेत. २००९ च्या गड्डीतली एक चिठ्ठी, वक्ता अंधश्रद्धेवर बोलला होता: "माझी आई भगताकडे जाऊन बरी झाली. ती खोटी का तुम्ही खोटे?" खाली पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, गल्लीसकट. हा माणूस कीर्तनाला टाळ धरणारा. वक्त्याने त्याला वीसेक मिनिटं उत्तर दिलं होतं, तो काही पटला नाही, आणि रात्री खळ्यात भरीत-भाकरीला दोघं एकाच पंगतीत बसले. मी वाढत होतो, मला आठवतंय.

मग २० ऑगस्ट २०१३. सकाळी फिरायला निघालेल्या नरेंद्र दाभोलकरांना पुण्यात पुलावर गोळ्या घातल्या. फेब्रुवारी २०१५ ला कोल्हापुरात पानसरे, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये धारवाडला कलबुर्गी घराच्या दारात, सप्टेंबर २०१७ ला बंगळुरूत गौरी लंकेश घरासमोर. आणि इकडे गड्ड्या बघत जा. २०१४ च्या गड्डीत निम्म्याच्या वर चिठ्ठ्यांना नाव नाही. २०१८ मध्ये नाव असलेल्या हाताच्या बोटावर मोजण्याइतक्या. गेल्या वर्षी एकही नाही. आणि प्रश्न कसे, तर 'सर तुम्हाला लेखनाची प्रेरणा कुठून मिळाली'.

आमच्या गावात कोणाला गोळी लागलेली नाही, साधी धमकी पण कोणाला आलेली नाही. तरी नाव गेलं. मला कोणत्या पक्षाचं बरोबर यावर भांडायचं नाहीये. प्रत्येकाने आपल्यापुरतं सांगा, कुठं बोलणं बंद केलं आणि का.

पांझरा_धुळे

भाऊ, एक गोष्ट जोडतो, आपल्या खान्देशाच्या माणसाला ती टोचायला पाहिजे. दाभोलकर ज्या 'साधना'चे १९९८ पासून शेवटपर्यंत संपादक होते ते साप्ताहिक काढलं कोणी, तर अमळनेरच्या शाळेत मास्तर असलेल्या साने गुरुजींनी, १५ ऑगस्ट १९४८ ला. आणि कशाच्या पाठीवर काढलं ते बघा. त्याच वर्षी ३० जानेवारीला गांधीजींना गोळ्या घातल्या, त्यानंतर महाराष्ट्रात लोकांनी काय केलं, तर मारणाऱ्याची जात धरून घरं जाळली, ज्यांचा काडीचा संबंध नाही अशांची. सातारा, सांगली, कोल्हापूर भागात किती तरी कुटुंबं गाव सोडून गेली. गुरुजींनी तेव्हा २१ दिवस उपवास केला होता. म्हणजे खुनानंतर काय करायचं हा प्रश्न आपल्याकडे आजचा नाही. लोकांनी जाळपोळ केली, त्यांनी उपवास केला आणि मग लिहायला एक जागा काढली. ६५ वर्षांनी त्याच जागेच्या संपादकाला मारलं.

चौफुली

यादी एकाच बाजूची झाली बोरीकाठ. जून २०२२ ला आपल्या शेजारी अमरावतीत औषध दुकानदाराला गळा चिरून मारलं, कशासाठी, तर एक पोस्ट फॉरवर्ड केली म्हणून. आठवड्याने उदयपूरच्या शिंप्याला त्याच्याच दुकानात, तेही पोस्टवरूनच, आणि वरून व्हिडिओ काढला. ते लेखक नव्हते, विचारवंत नव्हते म्हणून त्यांची नावं व्याख्यानात येत नाहीत का? तुमच्या वक्त्यांच्या तोंडून ही दोन गावं कधी ऐकली नाहीत मी. राग येतो तो याचा येतो.

बोरीकाठ

चौफुली, तुमचं बरोबर आहे. मी यादी केली तेव्हा ही दोन गावं मला आठवलीच नाहीत, खरंच आठवली नाहीत, आणि ते जास्त वाईट आहे. अमरावती आपल्यापासून एका रेल्वेच्या अंतरावर. साधं दुकान चालवणारा माणूस एका फॉरवर्डसाठी मरतो म्हणजे वक्त्यांचं सोडा, तुमच्या-माझ्यासारख्याला इशारा तोच आहे.

यावलकर

मला थोडं वेगळं म्हणायचंय, शिव्या पडतील तरी चालेल. मरणाऱ्या प्रत्येकासाठी मला दुःख झालंच पाहिजे असं कुठंय? जो माणूस आयुष्यभर दुसऱ्यांना कमी लेखत बोलला त्याच्यासाठी मी का रडू? तुमच्या बॅचमेटने नावं लिहिली ते चूक, शंभर टक्के चूक, पण 'मला वाईट वाटलं नाही' एवढं म्हणायचा पण हक्क नाही का? अमेरिकेत तेच झालं ना. शिक्षक, विमान कंपनीतले कर्मचारी, कोणा-कोणाच्या नोकऱ्या गेल्या त्या पोस्टवरून. आठवड्यात एका रात्रीच्या कार्यक्रमवाल्याचा शो बंद केला, जिमी किमेलचा, सरकारी अधिकाऱ्याने चॅनलला दम दिल्यावर, मग बोंबाबोंब झाली तेव्हा सहा दिवसांनी परत आणला. आणि हे करणारे कोण, तर बोलण्याचं स्वातंत्र्य बोलण्याचं स्वातंत्र्य म्हणून दहा वर्षं घसा कोरडा करणारेच.

बोरीकाठ

यावलकर दादा, रडायची सक्ती नाहीच. गप्प बसायचा हक्क आहे, 'मला त्याची मतं घाण वाटायची' हे दुसऱ्या दिवशी म्हणायचा पण आहे. मी 'बरं झालं' या दोन शब्दांबद्दल बोलतोय. मेलेल्याला त्या शब्दांचं काही नाही. पण ग्रुपवरचा जो सतरा-अठराचा पोरगा ते वाचतो, कोणाचा तरी मुलगा, त्याला कळतं की असं केलं तर गावातले मोठे लोक हसतात.

आणि नोकऱ्यांचं म्हणाल तर मी तुमच्याच बाजूने आहे. माझ्या बॅचमेटची नोकरी जावी असं मला वाटत नाही. त्याने माझ्यासमोर बसून ते वाक्य परत म्हणावं असं वाटतं. आमच्या भाच्याला पुण्यात कंपनीने बोलावून पोस्ट काढायला लावली, पोस्ट काय होती तर 'हिंसा वाईट पण याच्या बोलण्याचा पण विचार व्हावा', बस. आता तो घरी पण बोलत नाही, जेवताना बातम्या लागल्या की उठून जातो.

शिक्षिका_जळगाव

मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते, २२ वर्षं. वक्तृत्व स्पर्धेचे विषय मीच काढते. माझ्याकडे जुनी वही आहे, तुमची पोस्ट वाचून काल काढली. २००६ चे विषय: आरक्षण असावे की नसावे, देव आहे का, शेतकऱ्याला कर्जमाफी द्यावी का. आठवीच्या पोरी टेबलावर हात आपटून बोलायच्या, दोन्ही बाजूंनी. एक पोरगी तर सकाळी 'देव आहे' वर बोलली आणि दुपारी तिच्या मैत्रिणीचं पाठांतर विसरलं म्हणून तिच्या बाजूने 'देव नाही' वर बोलली, आणि दोन्हीत नंबर काढला.

यंदाचे विषय: पाणी वाचवा, मोबाईल शाप की वरदान, माझा आवडता ऋतू.

हे कोणी वरून सांगितलं का? नाही. कुठलं परिपत्रक नाही. २०१६ ला एका विषयावरून एका पालकाने ग्रुपवर लिहिलं की बाई पोरांच्या डोक्यात काय भरवतायत बघायला पाहिजे. मग शाळेत चार अनोळखी माणसं आली, ऑफिसमध्ये बसली, चहा प्यायली, माझं आडनाव विचारलं आणि गेली. काही बोलली नाहीत, मारलं नाही. दाभोलकरांना जाऊन तीन वर्षं झाली होती, पानसरेंना एक. मला त्या चार माणसांचं काही माहीत नव्हतं पण रात्री ते दोन फोटोच डोळ्यासमोर. त्या वर्षापासून मी पाणी वाचवा देते.

गिरणामाय

बाई, तुमच्याच शाळेतली नाही पण वक्तृत्ववाली पोरगी मी पण होते, चाळीसगावची. आता स्थानिक पाणीप्रश्नावर लिहिते. मला गोळीची धमकी कोणी देत नाही. मला फक्त माझ्या मुलीच्या शाळेचं नाव लिहून पाठवतात. बाकी काही नाही, शाळेचं नाव आणि सुटायची वेळ.

साक्रीकर

मला बोलणं जमत नाही पण रायनपाड्याचं कोणीतरी लिहायला पाहिजे म्हणून लिहितो. आमच्या तालुक्यातलं आहे. १ जुलै २०१८, रविवार, आठवडे बाजार. पाच माणसं एसटीतून उतरली, नाथपंथी डवरी गोसावी, बहुतेक मंगळवेढ्याकडची, भिक्षा मागून पोट भरणारी. आठ-पंधरा दिवसांपासून मोबाईलवर फिरत होतं की पोरं पळवणारी टोळी आलीये. त्यातल्या एकाने लहान मुलीशी बोलायचा प्रयत्न केला असं म्हणतात, लगेच घोळका जमला. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि तिथंच मारलं, पाचही.

हे राजकीय नाही असं म्हणाल. पण त्या माणसांना त्यांचं ओळखपत्र दाखवायचं होतं, गाव सांगायचं होतं. आते कोन आयकस? ऐकणारा घोळका राहिलाच नव्हता. आणि नंतर गाव रिकामं झालं, माणसं डोंगरात पळाली, कित्येक दिवस बायका-म्हाताऱ्याच घरी. व्हॉट्सॲपने त्याच महिन्यात भारतात फॉरवर्ड पाच चॅटपुरतं केलं, आणि २०२४ ला धुळ्याच्या कोर्टाने सात जणांना जन्मठेप दिली. पण मी तिकडं पाहुण्यांकडे जातो, अजून त्या दिवसाचं कोणी काढत नाही. विषय निघाला की माणसं जमिनीकडे बघतात. तोंड बंद होणं असं पण असतं.

वकील_नंदुरबार

साक्रीकर भाऊ, खरं शे. जरा कायद्याचं सांगतो, कारण भीतीत निम्मं अज्ञान असतं.

१. पाच किंवा जास्त जणांनी मिळून जात, समुदाय, भाषा वगैरे कारणावरून खून केला तर भारतीय न्याय संहितेत (१ जुलै २०२४ पासून लागू) आता वेगळं कलम आहे, १०३(२). फाशी किंवा जन्मठेप.

२. पोस्टवरून उठसूट अटक व्हायची ते आयटी कायद्याचं ६६अ कलम सुप्रीम कोर्टाने २४ मार्च २०१५ ला रद्दच केलंय. त्या प्रकरणाची ठिणगी आपल्या महाराष्ट्रातच पडली होती, २०१२ ला पालघरच्या दोन मुलींना मुंबई बंदवरच्या फेसबुक पोस्टसाठी पकडलं होतं.

३. बोरीकाठ, हे खास तुमच्यासाठी. कार्यक्रमाला धमकी आली की पोलीस आयोजकालाच म्हणतात, कशाला नसती आफत, रद्द करा. सुप्रीम कोर्टाने १९८९ ला रंगराजन खटल्यात साफ सांगितलंय की विरोधक गोंधळ घालतील या भीतीने बोलणाऱ्याला गप्प करता येणार नाही, जमाव आवरणं हे सरकारचं काम आहे. आणि मार्च २०२५ च्या इम्रान प्रतापगढी निकालात म्हटलंय की बोलण्या-लिहिण्यावरून तीन ते सात वर्षं शिक्षेचे गुन्हे असतील तर पोलिसांनी एफआयआर करायच्या आधी प्राथमिक चौकशीचा मार्ग धरावा.

आता कायदा आहे म्हणून भीती जाते का? जात नाही. दाभोलकर खटल्याचा निकाल लागायला मे २०२४ उजाडला, म्हणजे जवळजवळ ११ वर्षं. दोघांना जन्मठेप, तिघं सुटले. ११ वर्षांत तुमच्या गावातली एक पिढी बिननावाची चिठ्ठी लिहायला शिकली. निकाल वेळेत लागणं ही बोलणाऱ्याची पहिली सुरक्षा आहे, पोलीस संरक्षण नंतर.

आणि मी नंदुरबारचा. ९ सप्टेंबर १९४२ ला इथे शाळकरी पोरांच्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या घातल्या, शिरीषकुमार आणि त्याचे चार सोबती गेले. दरवर्षी ९ तारखेला आम्ही फुलं वाहतो. यंदा फुलं वाहिली आणि दुसऱ्याच दिवशी रात्री युटाची बातमी आली. कोणाची तुलना करत नाहीये, त्यांचं मरण वेगळं, कारण वेगळं. फक्त तारखा लागोपाठ आल्या आणि रात्रभर झोप लागली नाही म्हणून लिहिलं.

केळीबाग_रावेर

चिठ्ठ्या कमी होण्याचं कारण मोबाईल पण असेल ना? लोक आता घरी जाऊन वक्त्याला डायरेक्ट मेसेज करतात. प्रत्येक गोष्टीला गोळी लावू नका.

बोरीकाठ

केळीबाग, चिठ्ठ्या कमी झाल्या ते मोबाईलमुळे असेल, मान्य. पण ज्या येतात त्यांच्यावरचं नाव का गेलं? आणि मेसेज करतात तो एकट्याला करतात. चारशे माणसात उभं राहून 'तुम्ही खोटे' म्हणणं आणि रात्री अकराला मेसेज करणं यात फरक आहे. पहिल्यात बाकीचे ३९९ ऐकतात, आणि म्हणणाऱ्याचे उद्या सकाळी दूध घालताना हाल होत नाहीत हे पण बघतात. त्या टाळकऱ्याचे झाले नव्हते.

सातपुडा_पायथा

आमच्याकडे चोपडा तालुक्यात पत्रकार मित्र आहे. ऑगस्ट २०२३ ला पाचोऱ्यात पत्रकाराला भर रस्त्यात मारहाण झाली तेव्हापासून तो आमदार-खासदारांच्या बातम्या 'प्रतिनिधी' म्हणून देतो, स्वतःचं नाव टाकत नाही. पत्रकारांवरच्या हल्ल्याविरुद्ध २०१७ ला आपल्या विधिमंडळाने कायदा केलाय, तो त्याला पाठ आहे. कलमं सांगतो आणि नाव टाकत नाही.

यावलकर

बोरीकाठ, दोन दिवस विचार केला. 'बरं झालं' मी पण लिहिलं होतं, आमच्या ग्रुपवर, कर्कबद्दल नाही, दुसऱ्या एकाबद्दल, जुनी गोष्ट आहे. शोधून काढलं. पाच अंगठे होते खाली. त्यातला एक माझ्या मुलाचा. तेव्हा तो अकरावीला होता. तुम्ही सतराचा पोरगा लिहिलं ना, तिथंच अडकलो.

मतं माझी बदलली नाहीत. अजून म्हणतो की द्वेष पसरवणाऱ्याला लोकांनी तोंडावर सुनावलं पाहिजे. पण ते वाक्य मी काढून टाकलंय आणि मुलाला फोन करून सांगितलं की का काढलं. तो म्हणाला मला तर आठवत पण नाही. आठवत नाही म्हणाला त्याचंच जास्त वाटलं.

चौफुली

यावलकर, माझ्याकडून पण. अमरावतीच्या वेळी मी जे लिहिलं होतं ते एका माणसाबद्दल नव्हतं, अख्ख्या मोहल्ल्याबद्दल होतं. जास्त लिहीत नाही.

शिक्षिका_जळगाव

जानेवारीत शाळेची स्पर्धा आहे. मुख्याध्यापकांना भेटले. 'देव आहे का' ला नाही म्हणाले. 'गावातल्या व्याख्यानाला विरोध असेल तर ते होऊ द्यावे का' हा विषय मी सुचवला, त्यावर विचार करतो म्हणाले. आठवीतल्या दोन पोरी आत्ताच मागे लागल्यात, एक होऊ द्यावे वाली, एक होऊ देऊ नये वाली.

बोरीकाठ

सगळ्यांचं वाचलं, काही परत परत. बॅचमेटकडे काल गेलो होतो. वहिनींनी चहा दिला. मी म्हटलं तू ती नावं लिहिलीस, त्यातल्या एकाला यंदा आम्ही बोलवायचं म्हणतोय, तू यायचं आणि जे विचारायचंय ते विचारायचं. तो बराच वेळ बोलला नाही, मग म्हणाला, नाव लिहायचं का चिठ्ठीवर? मी म्हटलं हो, वडिलांच्या नावासकट. येतो म्हणाला नाही, नाही पण म्हणाला नाही.

ज्या हॉलमध्ये दरवर्षी व्हायचं त्यांनी वक्त्याचं नाव ऐकून तारखा रिकाम्या नाहीत सांगितलं. तेव्हा यंदा खळ्यात करतोय, जिथं तेव्हा भरीत केलं होतं तिथंच. डिसेंबरचा तिसरा आठवडा, कापसाची दुसरी वेचणी तोवर आटोपते. वकील साहेब, पोलीस स्टेशनला द्यायच्या अर्जात १९८९ च्या त्या निकालाचा उल्लेख कसा करायचा ते लिहून पाठवा, माईकची परवानगी दहापर्यंतचीच मागणार आहे. आणि खुर्च्या दोनशे लागतील, पारोळा-धरणगाव भागात कोणाच्या ओळखीचा मंडपवाला असेल तर नंबर इथे नको, मला निरोपात टाका.